आधी फोन, मग फोटो

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. सासर तासगाव तालुक्यातलं. त्या लिहितात, "मुलगी झाली त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. तरी गावचे चुलत सासरे बोलत नाहीत. आम्हाला कळवलंच नाही म्हणतात. आमचं काय चुकलं?"

ताई, परक्या मुलखातलं बाळंतपण, आई जवळ नाही, रात्र-रात्र जागरण. तुमचे हाल मला कळतात. पण चुकलंच. मुलगी नवरात्राच्या तोंडावर झाली, हे तुम्हीच लिहिलंय. बाळ जन्मलं की भावकीला सोयर लागतं, दहा दिवस देवाला हात लावत नाहीत. त्यांनी घट बसवले आणि चौथ्या माळेला डेअरीत दूध घालताना कुणीतरी विचारलं, "नात झाली म्हणं अमेरिकेत?" चारचौघांत त्यांनी काय उत्तर द्यायचं? त्यांच्याकडे तर साधा बटणांचा फोन. ग्रुपवर टाकणं म्हणजे कळवणं नव्हे, हे मी या सदरात कितीदा लिहिलंय!

आमच्याच घरचं सांगते. 2009 साली थोरल्या लेकीचं लग्न ठरलं, मी लेस्टरहून सगळ्यांना ईमेल धाडला. कोरेगावजवळच्या आत्याबाईंना ते आठवड्यानं कळलं, तेही बांगड्या भरायला आलेल्या कासारणीकडून. लग्नाला आल्या, आहेर केला, पण माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तेव्हापासून माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर पाच नावं आहेत, वयानं मोठं ते आधी. पाचही फोन झाल्याशिवाय फोटो कुठंच जात नाही. मागच्या वर्षी नातू झाला, तेव्हा आत्याबाईंनी त्याचं वजन तीनदा विचारलं आणि फोन कानालाच धरून शेजारणीला हाक मारली.

आता फोन तुमच्या यजमानांनी करावा, भावकी त्यांची आहे. "काका, चुकलं आमचं," एवढंच म्हणावं. ग्रुपचं नाव काढू नये. मग पुतण्याकरवी छापील फोटो आणि पेढ्यांचा पुडा घरी पोचवा.

गावाकडचे पगार विचारतात म्हणता, तर मोघम सांगा. दिरांच्या घटस्फोटाचं विचारलं, तर तुम्ही बोलू नका, ते त्यांचं त्यांनी सांगायचं.

सध्या द्राक्षाच्या छाटणीची गडबड असेल, दिवसा काका बागेतच असणार. गावाकडं रात्री आठला धारा काढून, डेअरीला दूध घालून माणसं घरी टेकतात. तेव्हा तुमच्याकडं सकाळचे साडेदहा, नोव्हेंबरात तिकडं घड्याळं तासभर मागं केल्यावर साडेनऊ. या रविवारीच करा.