दिल्लीला अर्ज टाकायच्या आधी हे वाच

अरे भावा, सगळे अर्ज थेट शिक्षण मंत्रालयाला पाठवत सुटू नको. तिकडे दोन विभाग आहेत, एक शालेय शिक्षण आणि साक्षरता, दुसरा उच्च शिक्षण. सीबीएसई, एनसीईआरटी, केंद्रीय विद्यालय, नवोदय हे पहिल्याकडे, विद्यापीठं बघणारी यूजीसी, तंत्रशिक्षण बघणारी एआयसीटीई, आयआयटी दुसऱ्याकडे. आणि बीएड बघणारी एनसीटीई पहिल्या विभागात येते, इथे भलेभले फसतात.

आता आपल्या नाशिकचं बघ, नाशिकरोडच्या केंद्रीय विद्यालयाचा विषय असेल तर दिल्लीचा संबंध येतो, पण झेडपीच्या शाळेत मास्तर नाहीत म्हणून दिल्लीला लिहिलंस तर कागद फिरून परत राज्याकडेच येणार, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा यादीत असलं तरी शाळा चालवायचं काम राज्याचंच आहे. तिथे आधी गटशिक्षणाधिकारी, मग झेडपीचे शिक्षणाधिकारी. दहावी-बारावीच्या मार्कशीटला आपलं विभागीय बोर्ड.

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचं तर वेगळंच, ते राज्याचं, आणि वर एमबीबीएसचे नियम करणारं मेडिकल कमिशन आरोग्य मंत्रालयाकडे. आयटीआय कौशल्य विकासवाले बघतात. गंमतच आहे सगळी.

आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, चुकीच्या ऑफिसला गेला तरी टेन्शन नको, त्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी ५ दिवसांत पुढे पाठवायचा असतो. फक्त १० रुपये फी आणि पोचपावती विसरू नको, आणि एका अर्जात एकच विषय टाक बाबा.