तारण, तारू आणि ‘सर्व’

विचारणा अशी: ‘ख्रिस्ती लोक मोक्षाला तारण का म्हणतात? आणि ख्रिस्ती नसलेल्यांना तारण नाही, हा त्यांचा नियमच आहे ना?’

मोक्षाला तारण म्हणत नाहीत हो! मोक्ष ‘मुच्’पासून, म्हणजे सुटणं; तारण ‘तॄ’पासून, म्हणजे तरून जाणं. मोक्षात जन्ममरणाचा फेरा सुटतो. ख्रिस्ती विचारात मुळात फेराच नाही. पाप आणि मृत्यू यांतून देव वाचवतो. तरी अग्रलेखांपासून वृत्तनिवेदकांपर्यंत ‘ख्रिस्ती मोक्ष’ सुखेनैव चालू आहे. बँकेतलं सोनेतारण सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ.

याच ‘तॄ’चं मराठीत ‘तारू’. मराठी बायबलात महापुरातून वाचायला नोहा बांधतो ते जहाज म्हणजे तारूच. आणि ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे ज्याच्या नावावर सांगतात त्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनने तिसऱ्या शतकात नेमका हाच दाखला दिला होता: नोहाच्या तारवाबाहेर कोणी वाचलं असेल, तर चर्चबाहेरही वाचेल. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्याला मराठीतली ही सोय कुठून माहीत असणार! पण त्याचं भांडण चर्चमधून फुटलेल्यांशी होतं. वाक्य ताणलं ते पुढच्यांनी. १४४२ साली कॅथलिक चर्चच्या फ्लोरेन्सच्या परिषदेने मरणाआधी चर्चमध्ये न आलेल्या यहुदी आणि मूर्तिपूजकांना थेट अग्नीत धाडलं. १९६४ साली दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणाली, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर अशांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणे. (मला हे बिरुद आगाऊ वाटतं. न विचारताच बाप्तिस्मा!) इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींतले बरेच जण मात्र योहान १४:६ वरून (‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’) तसूभर हलत नाहीत. तेव्हा ‘त्यांचा नियम’ म्हणताना कोणाचा, तेही सांगावं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. लॅटिनमध्ये तारणाला ‘सालुस’, तारणाऱ्याला ‘साल्वातोर’. मुळाशी ‘साल्वुस’, म्हणजे धडधाकट, अखंड. हा आपल्या ‘सर्व’चा सख्खा भाऊ! ‘सर्व’ शब्द ‘सृ’ धातूतून काढणाऱ्या शास्त्रीबुवांनी उणादिसूत्रं (संस्कृत व्याकरणातली शब्दसिद्धीची सूत्रं) क्षणभर मिटून ठेवावीत आणि ऋग्वेदातल्या ‘सर्वताति’शेजारी पारशांच्या धर्मग्रंथातलं, अवेस्तातलं ‘हउर्वतात्’ मांडून बघावं. दोन्हींत तीच पूर्णता, तेच अखंडपण. हा हउर्वतात् म्हणजे पारशी पंचांगातला खोरदाद महिना! वेद, अवेस्ता आणि लॅटिन मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), तिघांकडे एकाच मुळाचा शब्द.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘तारू’ शब्दात आतले आणि बाहेरचे असतातच. ‘सर्व’मध्ये बाहेर कोण उरतं? व्युत्पत्तीवरून धर्मशास्त्र काढू नये, असं भाषाशास्त्राचे प्राध्यापक बजावतात. बजावोत. बायबलातच हा पेच आहे: मार्क १०:४५ मध्ये ख्रिस्त जीव देतो तो ‘पुष्कळांसाठी’, आणि १ तीमथ्य २:६ मध्ये ‘सर्वांसाठी’. २००६ साली व्हॅटिकनने पत्र काढून मिस्सेच्या भाषांतरांत ‘सर्वांसाठी’ऐवजी ‘पुष्कळांसाठी’ घालायला सांगितलं, आणि त्याच पत्रात ख्रिस्त सर्वांसाठीच मेला हेही मान्य केलं.