सिट्रोएन बीएक्सच्या मागच्या हाइट करेक्टरमधून हिरवं तेल गळतंय: दुरुस्त करावा की नवा बसवावा?

तुमच्या बीएक्सचा मागचा हाइट करेक्टर (सस्पेन्शनमध्ये तेल सोडून किंवा काढून गाडीची उंची राखणारा व्हॉल्व्ह) ओला दिसतो, खाली हिरव्या एलएचएम तेलाचे (सस्पेन्शन आणि ब्रेक चालवणाऱ्या खनिज तेलाचे) थेंब पडतात, आणि मेकॅनिक म्हणतो अख्खा व्हॉल्व्ह बदला. त्याला होकार देण्याआधी तेल नेमकं कुठून येतंय ते शोधा. बाहेर थेंब पडत असतील तर बहुतेक वेळा आतलं लोखंड शाबूत असतं, रबर गेलेलं असतं.

करेक्टरच्या बॉडीत एक स्टीलचा स्पूल, म्हणजे बारीक दांडा, सरकतो. त्यावर सील नसतं; स्पूल आणि भोक यांच्यातली फट जेमतेम काही मायक्रॉनची असते आणि तेवढ्यावरच दाब धरला जातो. त्यामुळे थोडं तेल स्पूलच्या कडेने कायम पाझरणारच, रचनाच तशी आहे. हे पाझरलेलं तेल दोन्ही टोकांच्या कप्प्यांत जमतं आणि बारीक रिटर्न नळीतून टाकीत परत जातं. कप्प्यांची तोंडं रबरी पडद्यांनी बंद असतात. पडदा फाटला किंवा रिटर्न नळी कडक होऊन तडकली, की टाकीत जायचं तेल खाली पडतं. अशा वेळी जास्त दाबाच्या पाईपचा नट कितीही आवळा, थेंब थांबणार नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. करेक्टर आणि त्याचे सगळे जोड धुऊन कोरडे करा, गाडीच्या बॉडीखाली स्टँड लावा, इंजिन चालू करून बॅटरीच्या उजेडात पाहत राहा. टोकाच्या रबरातून किंवा मऊ नळीतून सावकाश ओल आली तर ती रिटर्नची गळती. स्टीलच्या पाईपच्या नटाजवळून जोरात तेल आलं किंवा धुकं उडालं तर जोडातलं सील गेलंय, नाहीतर पाईप गंजून फुटलाय. बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. या सिस्टिममध्ये सुमारे 170 बारपर्यंत दाब असतो आणि तेवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच सर्जनकडे जायचं, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही.

बाहेर कोरडं, पण रेग्युलेटरचा (सिस्टिमचा दाब राखणाऱ्या भागाचा) टिक-टिक आवाज दर दोन-चार सेकंदांनी येतोय, असं असेल तर गळती आत आहे किंवा अ‍ॅक्युम्युलेटरच्या, म्हणजे दाब साठवणाऱ्या, गोळ्यातला नायट्रोजन संपलाय. आधी गोळा तपासा. तो ठीक निघाला आणि करेक्टरच्या रिटर्नमधून तेल धारेने येत असलं, तर स्पूल झिजलाय. तो करेक्टर बदलायचाच. स्पूल आणि बॉडी जोडीनेच घासून जुळवलेले असतात; एकाचा स्पूल दुसऱ्यात चालत नाही आणि पॉलिश पेपरने तर हात लावूच नका.

आता काम. गाडीतला उंची निवडायचा लिव्हर सर्वात वर करून गाडी उचला आणि बॉडीच्या जॅकिंग पॉइंटखाली भक्कम स्टँड लावा. सस्पेन्शनच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. एक नट सैल केला की गाडी खाली बसते. मग लिव्हर सर्वात खाली, मागचा दाब उतरू द्या, इंजिन बंद, आणि रेग्युलेटरचा 12 मिमीचा ब्लीड स्क्रू (दाब सोडायचा स्क्रू) साधारण एक आटा सैल करा. पूर्ण काढू नका, खाली छोटी गोळी असते. तेल टाकीत परत जाताना फुसफुस ऐकू येते. ब्रेक पेडलही बऱ्याच वेळा दाबा.

पाईपचे नट 8 किंवा 9 मिमीचे असतात. फ्लेअर नटचाच पाना वापरा आणि आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नटाबरोबर पाईप फिरायला लागला तर तिथेच थांबा. पिळवटलेला पाईप पुढे तिथेच फुटतो आणि मागच्या आर्मवरून जाणारा नवा पाईप घालणं करेक्टरपेक्षा मोठं काम आहे.

करेक्टर बाकावर घेऊन दोन्ही टोकांची झाकणं काढा, पडदे बदला. धुवायला स्वच्छ एलएचएम किंवा पेट्रोल. धागे सुटणारं फडकं नको. बसवताना टोकांचे कप्पे तेलाने भरा आणि स्पूल हाताने मागेपुढे करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात. त्या तेलामुळेच स्पूल सावकाश हलतो; हवा राहिली तर करेक्टर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला उत्तर देत बसतो आणि गाडीची पाठ वरखाली होत राहते.

पाईपच्या टोकाची रबरी बाही दर वेळी नवी घाला, एलएचएमसाठीचीच. पाईपचं टोक बाहीच्या किंचित पुढे ठेवा, भोकात सरळ बसवा, नट आधी हाताने फिरवा, मग 8 ते 10 न्यूटन-मीटर. इथे सील तेलाचा दाबच करतो, नट फक्त पाईप धरून ठेवतो. जास्त आवळल्याने फक्त आटे आणि बाही जाते. रिटर्नच्या रबरी नळ्या कडक वाटल्या तर त्याच वेळी बदला.

ब्लीड स्क्रू घट्ट करा, इंजिन चालू करा, स्टँड काढून गाडी चार-पाच वेळा वरखाली करा. टाकीची पातळी गाडी सर्वात उंच असताना, इंजिन चालू ठेवून पाहायची. खाली बसलेल्या गाडीत पाहिली तर तेल जास्त दिसतं. भरायचं ते फक्त एलएचएम. डॉट 3, डॉट 4 ब्रेक ऑइल गेलं तर सिस्टिममधली सगळी रबरं फुगतात.

बीएक्सच्या मागच्या ब्रेकना दाब मागच्या सस्पेन्शनमधूनच मिळतो. म्हणून हे पाईप उघडल्यावर मागचे ब्रेक ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे त्यांतली हवा काढल्याशिवाय, गाडी रस्त्यावर काढू नका: इंजिन चालू, पेडल दाबलेलं, निप्पलला पारदर्शक नळी, बुडबुडे संपेपर्यंत.

शेवटी उंची. सपाट जागा, इंजिन चालू, लिव्हर नॉर्मलवर. मागची बाजू हाताने उचलून सोडा, स्थिरावल्यावर मोजा; मग दाबून सोडा, पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. फरक असेल तर अँटी-रोल बारवरचा क्लॅम्प सैल करून केसभरच फिरवा, कारण तिथला एक मिलिमीटर चाकाशी कितीतरी मोठा होतो.