वाचकांचे प्रश्न : तोफेला रंग देण्याआधी

प्रश्न : गडाच्या पायथ्याशी, जुन्या रणभूमीवर, आम्ही एक ओतीव लोखंडी तोफ सिमेंटच्या चौथऱ्यावर ठेवली आहे. दर दसऱ्याला गंज खरवडून काळा ऑइलपेंट देतो, पण पुढच्या श्रावणात पापुद्रे सुटतातच. एकदाचे सँडब्लास्टिंग करून घ्यावे का?
– ग्रामस्थ, जावळी तालुका

उत्तर : सँडब्लास्टिंग मुळीच नको, ग्राइंडरही नको. ओतीव लोखंड वर्षानुवर्षे गंजले की वरच्या थरातले लोखंड निघून जाते आणि ग्रॅफाइटचा मऊ, काळपट थर मागे उरतो. चाकूने कोरता येईल इतका तो मऊ असतो. तोफेवरची वलये, अक्षरे, आकडे आता त्याच थरात टिकून आहेत. वाळूचा मारा बसला की तो उडालाच, आणि एकदा गेलेली अक्षरे कुणालाही परत आणता येत नाहीत.

पापुद्रे सुटतात ते वेळ चुकल्यामुळे. दसऱ्याला तोफेच्या छिद्रांत पावसाळ्याची ओल अजून असते. तिच्यावर रंग चढला की ओल आत कोंडते आणि गंज रंगाखालून वाढत जातो. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. गड संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तोफेला हात लावू नका.

जुना रंग पेंट रिमूव्हरने मऊ करून बांबूच्या पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. शुद्ध पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या. नंतर एक लिटर शुद्ध पाण्यात 100 ग्रॅम टॅनिक आम्ल आणि थोडे स्पिरिट मिसळून ब्रशने पातळ हात द्या. एक दिवस वाळवून पुन्हा, असे तीन हात. गंज निळसर काळा झाला की आम्लाने काम केले असे समजा. तोफेवर छप्पर असेल तर वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण पुरते. जावळीच्या उघड्या पावसात नुसते मेण टिकत नाही. तिथे झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात आणि वर मॅट काळा रंग द्यावा लागेल.

एवढे करूनही नळीत पाणी साचत राहिले तर सारे फुकट. तोंड तीन ते पाच अंश खाली झुकवा म्हणजे पाणी आपोआप बाहेर येईल. तोंडाला लाकडी बूच बसवायचे असेल तर त्याला खालच्या कडेला 10 मिमीचे भोक ठेवा आणि आतून जाळी लावा, नाहीतर आत गांधीलमाश्या घर करतात. तोफ थेट सिमेंटवर टेकवू नका. खाली दगडी ठोकळे आणि त्यांवर जाड रबरी पट्टी ठेवा.

आणखी एक विनंती. दसऱ्याची पूजा जरूर करा, पण नारळ तोफेवर फोडू नका. नारळाच्या पाण्यातले क्षार आणि ओल धरून ठेवणारे हळदकुंकू लोखंडाला पावसाइतकेच बाधतात. पुढे तबक ठेवा, हार संध्याकाळी उतरवा.

प्रश्न : तोफेवर 18-2-14 असे आकडे कोरले आहेत. हे साल आहे का? आम्हाला सागवानी गाडा करायचा आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : हे वजन आहे. इंग्रजी ओतीव तोफांवर हंड्रेडवेट, क्वार्टर आणि पौंड असे तीन आकडे कोरत. एक हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड, एक क्वार्टर म्हणजे 28. तेव्हा 2016 अधिक 56 अधिक 14, म्हणजे 2086 पौंड, साधारण 946 किलो. सुताराला हा आकडा आधी सांगा, कारण दोन्ही बाजूंच्या आडव्या खुंटांवर बहुतेक सगळा भार येतो. उचलताना खुंटांच्या पुढे आणि मागे रुंद कापडी पट्टे घाला. साखळीने वलये तुटतात, आणि तोंडात पहार घालून उचलल्यास कड फुटते.

प्रश्न : तोफेच्या कानात (बत्ती देण्याच्या भोकात) खिळा ठोकलेला आहे. ड्रिलने काढू का?
– एक वाचक, वाई

उत्तर : काढू नका. माघार घेणारे सैन्य तोफ शत्रूच्या हाती लागून उलटू नये म्हणून कानात खिळा मारत असे. तो खिळा लढाईचा पुरावा असू शकतो.

दुसरे कारण जिवाचे आहे. नळी अजून भरलेली असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू जुनी झाली तरी पेटते. तोंडापासून कानापर्यंतची लांबी बाहेरून मोजा. मग लाकडी काठी (लोखंडी गज नाही, ठिणगी पडेल) तोंडाच्या एका बाजूला उभे राहून हळूच आत सरकवा. काठी जवळपास तेवढीच आत गेली तर नळी मोकळी. वीतभर आधीच अडली तर आत माती असेल, गोळा असेल किंवा दारू असेल. उकरू नका, वेल्डिंग किंवा ड्रिल जवळ आणू नका, लोकांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवून बॉम्बशोधक पथक बोलवा.