सिनेटचं मत आणि दुसऱ्या पसंतीचा आकडा

टिळकवाडी, बेळगाव

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या नेमणुकीला शिवाजी विद्यापीठाची ॲप्रूव्हल आली, म्हणजे तू आता खरी प्राध्यापक झालीस. मतदार यादीत नाव लागायच्या आधीच दोन्ही पॅनेलची माणसं तिकडे महाराष्ट्रात, चंदगडला तुमच्या स्टाफरूममध्ये चहा पिऊन गेली म्हणतेस. सिनेटची, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेची, मागची निवडणूक नोव्हेंबर 2022 मध्ये झाली आणि मुदत पाच वर्षांची. तेव्हा हे चहापान आता वाढतच जाणार. ‘सर, मत कुणाला देऊ?’ या प्रश्नाला माझ्याकडून नाव मिळणार नाही. मत कसं द्यायचं ते मात्र सांगतो, कारण ते कुणी नीट सांगत नाही.

आधी आपल्या बाजूचं ऐक. बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. 2010 पासून ती भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आली. कर्नाटकाच्या 1976 च्या विद्यापीठ कायद्यात सिनेट होती. 2000 चा कायदा आला आणि सिनेटच गेली. राहिली सिंडिकेट, म्हणजे कारभार बघणारं मंडळ, आणि विद्या परिषद. सिंडिकेटवर सरकार माणसं नेमतं, कुलपती नेमतात, काही पदानुसार येतात. शिक्षकांनी मतपेटीतून पाठवलेला कुणी तिथे नसतो. नेमलेल्यांत चांगली माणसं नसतात असं मी म्हणणार नाही, मी स्वतः पाहिलीत. पण सरकार बदललं की त्यांच्या नेमणुकाच रद्द होतात, आणि तुझं गाऱ्हाणं ऐकलं नाही म्हणून तू त्यांना घरी पाठवू शकत नाहीस. सीमेवरचा शिनोळीचा नाका ओलांडून रोज नोकरीला जाणाऱ्या तुला मात्र ती सोय आहे. राहायला इकडे आणि मत तिकडे, हे आपल्या सीमाभागात काही नवलाचं नाही म्हणा.

महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यात सिनेटवर शिक्षकांच्या दहा जागा आहेत. पाच खुल्या, पाच राखीव, म्हणजे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांना प्रत्येकी एक. राखीव जागांवरही मतं सगळ्याच शिक्षकांनी द्यायची असतात. ती मतपत्रिका ‘आपली नव्हे’ म्हणून कोरी टाकणारी माणसं असतात. तू टाकू नकोस.

मतदान पसंतीक्रमाचं. आपल्याकडे विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात असतं तसंच. नावापुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. बरोबरची खूण नाही, फुली नाही, सही तर अजिबात नाही. 1 हा आकडा एकाच नावापुढे हवा. तो कुठेच नसला किंवा दोघांपुढे असला, तर मत बाद.

आता हिशेब. खुल्या पाच जागांसाठी 600 वैध मतं पडली असं धर. 600 ला सहाने भागायचं, म्हणजे जागांपेक्षा एकाने जास्त, आणि एक मिळवायचा. 101 आले, हा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं. कुणाला पहिल्या पसंतीची 141 मतं मिळाली तर तो निवडून आला, आणि वरची 40 त्याच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. तरीही पाच जण पुरे झाले नाहीत, तर सगळ्यांत खालचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवतात. ज्या पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही, ती तिथेच संपते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या मोजणीत शेवटची जागा बहुतेक वेळा या खालच्या आकड्यांवरच ठरते.

म्हणून प्रचाराला येणारा माणूस ‘मॅडम, फक्त एक नंबर द्या, बाकी काही लिहू नका, आमचं मत फुटतं’ म्हणाला, तर हसून चहा दे आणि ऐकू नकोस. खालची पसंती लिहिल्याने तुझ्या पहिल्या पसंतीचं काडीचं नुकसान होत नाही. तो निवडून आल्याशिवाय किंवा बाद झाल्याशिवाय तुझ्या दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतच नाही. नुकसान होतं ते तुझं, आपला उमेदवार पडल्यावर मोजणीत तुझा आवाज उरत नाही म्हणून. ज्यांचं काम तुला पटतं, त्या सगळ्यांना क्रम दे, पॅनेल कुठलंही असो. सुटाचा, म्हणजे शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघाचा, उमेदवार पहिला आणि समोरच्या आघाडीतला दुसरा, असं लिहायला कायद्याची आडकाठी नाही.

याहून वाईट मागणीही होते. ‘आमच्या माणसाला एक, मग अमक्याला सात, तमक्याला चार’ असा विचित्र क्रम कुणी पाठ करायला सांगितला, तर सावध हो. तो क्रम म्हणजे तुझी सही. मोजणीच्या टेबलाजवळ बसलेल्याला त्यावरून पत्रिका ओळखता येते. संस्थाचालकांकडून, कधी प्राचार्यांकडून असा निरोप येतो, आणि नवी नोकरी असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. भांडायची गरज नाही. मान डोलव, आणि आत गेल्यावर तुझा क्रम लिही. गुप्त मतदान त्याचसाठी असतं.

आता कुणाला, ते ठरवायची माझी रीत. पुन्हा उभ्या राहिलेल्याला विचार: गेल्या पाच वर्षांत सिनेटमध्ये कोणता प्रश्न विचारलात, उत्तर काय आलं, कोणता ठराव मांडलात? सिनेटच्या वर्षाला किमान दोन सभा होतात, अर्थसंकल्प तिथेच येतो. सभांचं इतिवृत्त असतं. ते मागून वाच. भाषण ऐकण्यापेक्षा हे बरं. तू बेळगावची आहेस म्हटल्यावर तुझ्यापुढे महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 सीमावर्ती गावांचा विषय हमखास काढतील. काढू देत. मग शांतपणे विचार, इकडच्या पोरांच्या प्रवेशासाठी, फीसाठी आपण नेमका कोणता ठराव मांडलात, कोणत्या सभेत? सीमाप्रश्नावर गळा काढणं सोपं आहे. निपाणीच्या पोराचा प्रवेश कागदांसाठी अडतो तेव्हा कुलसचिवांच्या केबिनमध्ये कोण जाऊन बसतो, ते मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरी निवडणूक तुझ्या लक्षातच आलेली दिसत नाही. तुझ्या विषयाला कॉलेजात तू एकटीच, म्हणजे विभागप्रमुखही तूच. अभ्यास मंडळावर विभागप्रमुखांमधून तीन जण निवडून जातात. मतदार थोडे, त्यामुळे एकेका मताला वजन. चंदगडसारख्या ठिकाणी ग्रंथालयात कोणती पुस्तकं मिळतात, कुठल्या श्रेयांकाच्या (क्रेडिटच्या) विषयाला शिक्षकच नाही, हे सांगणारा माणूस तिथे गेला पाहिजे. कर्नाटकाने मे 2024 मध्ये चार वर्षांची पदवी मागे घेऊन तीन वर्षांची परत आणली, तुमच्याकडे चार वर्षांची वाट सुरू झाली. बेळगावातून तिकडे आलेल्या पोरांचा गोंधळ तूच निस्तरतेस ना? धोरण मुंबईतूनच येतं हे खरं. पण अभ्यासक्रमाच्या ओळी मंडळ लिहितं. मला विचारशील तर सिनेटपेक्षा या मतासाठी जास्त डोकं खर्च कर.

स्वतः उभं राहायचं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. महिला राखीव जागेसाठी नाव हवंय म्हणून पॅनेलवाले तुला चढवतायत. या खेपेला नको. आधी विद्यापीठाच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक मिळव आणि परीक्षा विभागाचा खर्च तेवढा समजून घे. कच्ची मतदार यादी लागेल त्या दिवशी आपलं नाव, विषय, कॉलेज तपास. चूक निघाली तर आक्षेपाची मुदत थोडी असते आणि अर्ज लेखीच द्यावा लागतो. तुमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरची जी चौघं आहेत, त्यांना मत नाही. उमेदवार आले की त्यांचा पगार किती महिने थकलाय, ते त्यांच्या देखत तूच विचार.

तुझा,
सर