सुई का हलली नाही? चुंबकत्वावरची प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न दिशेपाशी अडले आहेत. सूत्र पाठ असते, पण बाण काढलेला नसतो. म्हणून वही जवळ ठेवूनच वाचा.

प्रश्न: विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण असते. मग होकायंत्राच्या सुईचा उत्तर ध्रुव उत्तरेकडेच कसा वळतो?

कारण पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे असलेला चुंबकीय ध्रुव दक्षिण प्रकारचा आहे. पृथ्वीच्या पोटात पट्टीचुंबक दाखवणारे चित्र मात्र केवळ सोयीसाठी असते. साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड कायम चुंबक राहू शकत नाही आणि गाभा त्याहून कितीतरी तापलेला आहे. हे क्षेत्र निर्माण होते ते बाह्य गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांमुळे.

प्रश्न: धारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते हे दाखवणारा ओर्स्टेडचा प्रयोग वर्गात केला. होकायंत्रावरून तार नेली, सेल जोडला, बल्बही लागला. पण सुई हलली नाही. काय चुकले?

दोन शक्यता आहेत. पहिली म्हणजे तार पूर्व-पश्चिम धरली असेल. तारेभोवतीच्या बलरेषा वर्तुळाकार असतात, त्यामुळे अशा तारेच्या बरोबर खाली क्षेत्राची दिशा उत्तर-दक्षिण येते. सुई आधीच त्या रेषेत उभी असते. तारेचे क्षेत्र उत्तरेकडे असेल तर ती जागची हलणार नाही. दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्रावर मात करण्याइतके मोठे हवे. तेव्हा सुई सरळ उलटीच फिरते. तार सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण धरा. आता तारेचे क्षेत्र सुईला काटकोनात येते आणि तिला वळवावेच लागते.

दुसरी शक्यता बल्बाची. लांब सरळ तारेतून १ अँपिअर धारा वाहत असेल, तर १ सेंटिमीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरते. पृथ्वीचे क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते आणि आडव्या सुईला धरून ठेवतो तो त्याचा आडवा घटक. म्हणजे १ अँपिअरला सुई चांगलीच वळेल. पण टॉर्चचा लहान बल्ब धारेला पाव अँपिअरच्या आसपास अडवून ठेवतो. मग क्षेत्र उरते जेमतेम ५ मायक्रोटेस्ला आणि सुईची हालचाल सहज नजरेतून सुटते. बल्ब काढून तार थेट सेलला जोडू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. त्यापेक्षा तीच तार होकायंत्राभोवती वरून-खालून दहा वेळा गुंडाळा. वरची तार आणि उलट दिशेने परतणारी खालची तार, दोन्ही सुईला एकाच बाजूला ढकलतात. १८२० मध्ये ओर्स्टेडचा शोध जाहीर झाल्यावर त्याच वर्षी ही युक्ती निघाली आणि धारा ओळखणाऱ्या गॅल्व्हनोमीटरचा जन्म त्यातूनच झाला.

प्रश्न: खिळ्यावर १०० ऐवजी २०० वेढे दिले, तरी विद्युतचुंबक दुप्पट जोराचा का होत नाही?

वेढे दुप्पट झाले तशी तारही दुप्पट लांब झाली. रोध वाढला, धारा घटली. परिपथातला बहुतेक रोध त्या तारेचाच असेल, तर वेढे आणि धारा यांचा गुणाकार जवळजवळ तेवढाच राहतो. जाड तार घेऊन पाहा. शिवाय वेढे लांबवर पसरू देऊ नका, कारण नालकुंतलाच्या, म्हणजे नळीसारख्या गुंडाळलेल्या तारेच्या, आतले क्षेत्र एकक लांबीतल्या वेढ्यांवर ठरते. खिळा पोलादी असेल तर धारा थांबल्यावरही त्यात थोडे चुंबकत्व उरते. गाभ्याला नरम लोखंड घेतात ते यासाठीच.

प्रश्न: जोरदार चुंबक कुंतलात (तारेच्या वेटोळ्यात) ठेवला आहे, तरी गॅल्व्हनोमीटर शून्यच दाखवतो. असे का?

ठेवला आहे म्हणूनच. प्रवर्तित धारेला नुसते क्षेत्र पुरत नाही, कुंतलातून जाणारे क्षेत्र बदलत राहावे लागते. १८३१ मध्ये फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन कुंतले गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्यात क्षणभर धारा आली, मधल्या वेळात काहीच नाही. तुमचा चुंबक आत ढकला, काटा एका बाजूला जाईल. बाहेर ओढा, उलट बाजूला जाईल. उत्तर ध्रुव जवळ येताना कुंतलाची समोरची बाजू उत्तर ध्रुवासारखी वागून त्याला अडवते, दूर जाताना दक्षिण ध्रुव होऊन ओढून धरते. हा लेन्झचा नियम. तो उलटा असता, तर एकदा हलका धक्का दिलेला चुंबक आपोआप वेग घेत आत गेला असता आणि फुकट ऊर्जा मिळाली असती.

प्रश्न: फ्लेमिंगच्या नियमांत डावा हात कुठे आणि उजवा कुठे वापरायचा? दर वेळी गोंधळ होतो.

मोटरला डावा, जनित्राला उजवा. परीक्षेत तसेच लिहा. पण समजून घ्यायला डावा एकटाच पुरतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना काटकोनात ठेवा. मोटरमध्ये मधले बोट धारेच्या दिशेने, तर्जनी क्षेत्राच्या दिशेने धरा. अंगठा बल दाखवतो. जनित्रात तारेबरोबर तिच्यातले प्रभारही हलतात, म्हणून मधले बोट तारेच्या गतीच्या दिशेने ठेवा. आता अंगठा धन प्रभारावरचे बल, म्हणजेच प्रवर्तित धारेची दिशा दाखवेल. उजव्या हाताने पडताळा, उत्तर तेच येते. इलेक्ट्रॉन मात्र त्याच्या उलट सरकतात.