पेशंट झोपलाय की शुद्ध हरपतेय, हे रात्रीच्या ड्युटीत बेडजवळ कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की नवीन स्टाफ नर्स आहे, जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे डोळे, बोलणं आणि हालचाल यांना वेगवेगळे गुण देऊन शुद्ध मोजायची पद्धत) पाठ आहे पण प्रत्यक्ष बेडजवळ उभं राहिलं की आकडा काय लिहायचा तेच कळत नाही, आणि रात्री झोपलेल्या पेशंटचं तर काहीच समजत नाही. मी कोकणात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका छोट्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि स्वतः खाल्लेल्या ठेचांचं जास्त सांगते.

पहिली गोष्ट, चार्टवर "पेशंट झोपलेला" असं लिहायचं नाही. कधीच नाही. उठवून बघायचं आणि मग लिहायचं. हे मी शिकले ते एका आंबेवाल्यामुळे. मे महिना, आंबे काढताना झाडावरून पडलेला चाळिशीचा माणूस संध्याकाळी आला, डोक्याला थोडं खरचटलेलं, बोलत होता, चहा प्यायला, मलाच विचारत होता घरी कधी सोडणार म्हणून. दहा वाजता १५ पैकी १५. बारा वाजता बघितलं तर मस्त घोरत होता, म्हटलं दमलाय बिचारा, झोपू दे, आणि लिहिलं "झोपलेला". दीडच्या सुमारास त्याची बायको आली नि म्हणाली, "सिस्टर, हे असे कधी घोरत नाहीत हो." तेव्हा जाऊन हाक मारली तर दोनदा मोठ्याने ओरडल्यावर डोळे उघडले, लगेच मिटले, कुठे आहात विचारलं तर म्हणतो झाडावर. हात वर करा म्हटल्यावर केले. म्हणजे डोळे ३, बोलणं ४, हालचाल ६, एकूण १३. डॉक्टरांना उठवलं, १०८ बोलावली, सीटी असलेल्या ठिकाणी रेफर केला, कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्या मधल्या जागेत रक्त साठत होतं. वाचला तो, पण बायकोमुळे वाचला, माझ्यामुळे नाही. मधले काही तास माणूस अगदी चांगला बोलतो आणि मग घसरतो, हे कॉलेजात वाचलेलं होतं मी, तरीपण. म्हणून डोक्याला मार असेल तर पूर्ण १५ असला तरी पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, मग चार तास तासातासाने, मग दोन-दोन तासांनी उठवायचंच. शिव्या देतात पेशंट, देऊ देत. शिव्या नीट देतोय म्हणजे बरंच आहे.

आता आकड्याचं. १९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी हे स्केल काढलं, ते मुळात एवढ्यासाठी की एकाने बघितलेलं दुसऱ्याला तसंच कळावं, "जरा सुस्त वाटतो" असलं मोघम नको. त्यामुळे हँडओव्हरला नुसतं "१०" सांगू नका, तिन्ही वेगळे सांगा, कारण १० बऱ्याच प्रकारे होतात. आणि कमीत कमी ३ असतो, शून्य नसतो, हे नवीन मुली विसरतात. श्वासनलिकेत नळी घातलेला पेशंट असेल तर बोलण्याला १ द्यायचा नाही, तपासता येत नाही असं लिहायचं. ८ किंवा त्याखाली गेला की स्केल बाजूला, आधी श्वासाची वाट सांभाळायची आणि डॉक्टरांना ओरडून बोलवायचं. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चने बघायच्याच, एक मोठी झाली तर थांबायचं नाही.

दुखवून बघणं यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. छातीवर मुठीने रगडत बसू नका, वळ उठतात आणि नातेवाईक बघत असतात. नखाच्या बाजूला पेनाने दाबा, किंवा मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरा, हळूहळू जोर वाढवत जास्तीत जास्त दहा सेकंद. खांद्याला दाबल्यावर हात गळपट्टीच्या हाडाच्या वर तुमच्या हातापर्यंत आला तर हालचालीला ५, बोट दाबल्यावर नुसता झटकन मागे घेतला तर ४. आणि "हात दाबा" एवढंच सांगून ६ देऊ नका, तळहातात बोट दिलं की बेशुद्ध माणूसही कधीकधी पकडतो. दाबा म्हणा आणि मग सोडा म्हणा, किंवा जीभ बाहेर काढायला सांगा.

बोलण्याच्या प्रश्नांत भाषा सांभाळा. एका मालवणी आजीला आमच्या नवीन पोरीने प्रमाण मराठीत तारीख विचारली, आजी गप्प, हिने लिहिलं गोंधळलेली. मी जाऊन विचारलं, "आये, महिनो खंयचो?" तर म्हणाली, "श्रावण नाय काय! आज सोमवार, माका उपास, आणि ही बिस्किटा कोणी हाडली?" पूर्ण ५. नाव, जागा, महिना एवढं पुरतं, आणि कानाचं मशीन घरी राहिलंय का तेही विचारा.

दारूचा वास आला म्हणून "प्यायलाय, उतरेल" म्हणून सोडू नका, प्यायलेले पण पडतात. आणि कोणीही सुस्त दिसला की आधी ग्लुकोमीटर. साखर कमी असेल तर बाकी सगळं नंतर.

शेवटचं आपल्याकडचं खास. पावसात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड, मग बोलणं जड, चावल्याची खूण धड दिसत नाही, तेव्हा मण्यार डोक्यात ठेवा. या विषाने स्नायू लुळे पडतात, मेंदू जागाच असतो. डोळे १, बोलणं १, हालचाल १, बाहुल्याही हलत नाहीत आणि कागदावर ३ दिसतो, पण तो ३ खोटा असू शकतो. पापणी बोटाने वर उचला, समोर उभं राहून नाव घेऊन सांगा, पायाचं बोट हलव. थोडं जरी हललं तरी कळतं, आणि नाही हललं तरी तो ऐकतोय असंच धरून बोला. अशा एकाला व्हेंटिलेटरसाठी मोठ्या ठिकाणी पाठवलं होतं, पंधरा दिवसांनी चालत भेटायला आला आणि मला म्हणाला, "सिस्टर, तुमी बायलेक सांगित होतास ना माजा काय खरा नाय म्हणान, माका सगळा ऐकाक येय होता."